कुंपणाच्या आत आणि कुंपणाच्या बाहेर



विशेष आर्थिक क्षेत्र म्हणजे देशाच्याच भूमीवर आखलेला, परंतु जकातीपुरता परदेश मानलेला भूभाग. तेथे यंत्रे व कच्चा माल जकातीविना येतो, कारखानदारास करांत सूट मिळते; आणि त्या बदल्यात त्याने निर्यात वाढवावी, परकी चलन आणावे व रिकाम्या हातांना काम द्यावे, अशी अपेक्षा असते. हा सौदा राष्ट्राच्या हिताचा केव्हा ठरतो, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९६५ साली कांडला येथे आशियातील पहिले निर्यात-प्रक्रिया क्षेत्र आपणच उभारले. चीनने शेंझेनची स्थापना केली ती १९८० साली, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी. तरीही आज शेंझेन हे पावणेदोन कोटी वस्तीचे महानगर आहे आणि कांडल्याचे नाव पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे कोणी घेत नाही. असे का व्हावे? करसवलत तर दोन्हीकडे होती! परंतु शेंझेनच्या उंबरठ्यावर हाँगकाँगचे बंदर, तेथील भांडवल आणि व्यापारी होते. शिवाय परकी भांडवल, मजुरीचे करार, जमिनीचे भाडेपट्टे यांविषयीचे जे नियम तेथे कसोटीस उतरले, ते पुढे देशभर लागू झाले. तेथील कुंपण प्रयोगापुरते होते. आमचे कुंपण मात्र कुंपणच राहिले.

२००५ साली आपल्या संसदेने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे प्राप्तीकर संपूर्ण माफ, पुढील पाच वर्षे निम्मा! आता नव्या कारखान्यांना ही सूट उरलेली नाही. पण त्या वेळी अर्जांचा पाऊस पडला. त्याचे फलित काय? महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालात उत्तर आहे. अधिसूचित झालेल्या ४५,६३५ हेक्टरांपैकी प्रत्यक्ष काम सुरू झाले ते २८,४८८ हेक्टरांवर. आणि २००६-०७ ते २०१२-१३ या सात वर्षांत सरकारने ८३,१०४ कोटी रुपयांच्या करांवर पाणी सोडले. आवळा देऊन कोहळा काढणे यापेक्षा निराळे काय असते? कित्येकांचा डोळा निर्यातीवर नव्हे, तर जमिनीवर होता.

ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्याने ओळखली. रायगड जिल्ह्यात महामुंबई क्षेत्रासाठी जमिनी जाणार, असे दिसताच प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा झुंजार नेता शेतकऱ्यांच्या पाठीशी उभा राहिला. सीमाभागाला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला; ते क्षेत्र उभे राहिले नाही. गोव्यात तर लोकमताच्या रेट्यापुढे नमून मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना ३१ डिसेंबर २००७ रोजी ही सर्व क्षेत्रे रद्द करीत असल्याचे जाहीर करावे लागले.

तेव्हा अशी क्षेत्रे नकोतच, असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनविणारे क्षेत्र उभे आहे. हा उद्योग याच भागात रुजू शकला, यात आश्चर्य नाही. उद्यमबागेतील ओतशाळांनी आणि लेथवर राबणाऱ्या कारागिरांनी ही भूमी आधीच नांगरून ठेवली होती. कौशल्य आधी, सवलत मागाहून, हाच विकासाचा क्रम होय.

म्हणून उद्या आपल्या पंचक्रोशीत असे क्षेत्र येऊ घातले, तर भूमिपूजनाच्या मंडपात टाळ्या पिटण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची, पिकाऊ की पडीक, आणि तिचा मोबदला कोण ठरविणार? गावातील मुलांना यंत्रावरचे शिक्षण मिळणार, की केवळ फाटकावरची पहारेकऱ्याची नोकरी? आमच्या लहान कारखान्यांना आतून कामे मिळणार, की सुटा खिळादेखील बाहेरगावाहून येणार?

या प्रश्नांची उत्तरे तोंडी आश्वासनांत घेऊ नका. करारपत्रात लिहून घ्या. आत झगमगाट आणि बाहेर काळोख, असा दिवा राष्ट्राच्या कामाचा नाही. क्षेत्राची थोरवी कुंपणाच्या आत किती माल तयार झाला यावर नव्हे, तर कुंपणाबाहेर किती घरांत चूल पेटली यावर ठरली पाहिजे!