परसातला पोहण्याचा हौद

मुलांसाठी परसात पोहण्याचा हौद बांधायचं आमच्या घरी ठरलं. मुलांना हवी छोटी घसरगुंडी आणि कारंजं, सासूबाईंना पाय सोडून बसायला रुंद पायरी. मी हिशेब मांडला. 20 फूट लांब, 10 फूट रुंद, 3 फूट खोल, म्हणजे सुमारे 17,000 लिटर पाणी! एवढं पाणी सारखं बदलणं परवडायचं नाही. म्हणून पाणी गाळणारा पंप आणि मापात क्लोरीन हवंच.

पण बायांनो, त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, गुपचूप पाण्याखाली जातं. म्हणून चारही बाजूंनी किमान 4 फूट उंच कुंपण, आपोआप मिटणारं फाटक, कडी मुलांचा हात पोचणार नाही अशी. घसरगुंडीवरून बसूनच यायचं, सूर मारायचा नाही. मुलं पाण्यात असेतोवर एक मोठं माणूस काठावर, हातात मोबाइल न घेता. खेळ संपला की पाण्यातली खेळणी उचलायची, कारण ती घ्यायलाच लहानगं वाकतं.

शेवटी पैसे कमी पडले. आम्ही कारंजं वगळलं, कुंपण नाही. तुम्हीही तसंच करा.