शर्यत, लबाडी आणि शिक्षा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गावच्या यात्रेतील बैलगाडा शर्यतीला मंडळाच्या नावाने ढाल द्यावी, अशी सूचना यंदा कार्यकारी मंडळापुढे आली आहे. शर्यतीत लबाडी झाली तर कायदा काय करतो, हे सभासदांस समजावून सांगावे, अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली. आयुष्य वकिलीत गेले असल्याने ती मी शिरोधार्य मानली.

प्रथम शर्यतीच्या कायद्याचा थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून त्या अटींसह पुन्हा सुरू करण्याचे ठरविले. परंतु प्रकरण न्यायालयात अडकले आणि प्रत्यक्ष परवानगी मिळण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे आजची शर्यत हा आपला निरंकुश हक्क नव्हे. अटी पाळू असे वचन देऊन मिळविलेली ती सवलत आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव एक हजार मीटरपेक्षा अधिक नको, बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा. काठी, चाबूक, विजेचा झटका व मादक पदार्थ यांना सक्त मनाई आहे. या अटी मोडणारास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या आकड्याचे महत्त्व कळावे म्हणून जुना आकडा सांगतो. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या मूळ कायद्यात जनावरास अपायकारक औषध देणारास पहिल्या गुन्ह्याबद्दल दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला, आणि साठ वर्षे उलटली तरी तो आकडा तेथेच राहिला. पन्नास रुपयांत बैलाच्या यातनांचा हिशेब मिटत होता!

आता फसवणुकीकडे वळू. एका बैलाच्या नावावर दुसराच बैल पळविणे, किंवा संगनमताने निकाल फिरवून बक्षिसाची रक्कम उचलणे, हे भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली येऊ शकते. तेथे शिक्षेची मर्यादा सात वर्षांची आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बैलावर विषप्रयोग केल्यास ३२५ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत. पैसे घेऊन खोटा दाखला देणारा सरकारी पशुवैद्य भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तीन ते सात वर्षांच्या शिक्षेस पात्र होतो. परंतु निशाण धरणारा गावचा पंच हा सरकारी नोकर नव्हे. त्याने घेतलेल्या पैशास लाचेचे कलम सहसा लागत नाही. त्याला फसवणुकीच्या कटातच गाठावे लागते, आणि कट सिद्ध करणे किती कठीण, हे वकिलास विचारा. चोरून पैज लावणाऱ्यास तर दाद मागण्याची सोयच नाही. पैजेचा करार कायद्याने निरर्थक आहे, आणि तक्रार करायला गेलेला स्वतःच जुगाराच्या गुन्ह्यात सापडायचा.

यावरून शिक्षा थोडी आहे असे कोणी म्हणणार नाही. उणीव आहे ती पुराव्याची. इंग्लंडातील एप्सम येथे १८४४ साली डर्बीची शर्यत झाली. ती केवळ तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. ‘रनिंग रेन’ नावाचा घोडा पहिला आला. पण तो चार वर्षांचा दुसराच घोडा आहे, असा आक्षेप निघाला. दावा उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी घोडा समोर आणा म्हणून सांगितले, तर घोडाच गायब! दावा कोसळला आणि बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या ‘ऑर्लँडो’ला गेले. आपल्याकडेही असेच होते. शर्यत संपली की बैल दुसऱ्या बाजारी विकला जातो, पराणी विहिरीत पडते, आणि पाहणारे शेकडो डोळे एकाएकी आंधळे होतात.

सज्जनहो, त्या आंधळ्यांत एकदा मीही होतो. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत आपल्याच ज्ञातीतील एका गाडीवानाच्या मुठीत खिळा ठोकलेली आखूड काठी सापडली. बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्त होते. हरलेली जोडी परक्या ज्ञातीच्या गृहस्थाची होती. रात्री वडीलधारी मंडळी बसली आणि “आपल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर नको” असे ठरले. हरलेल्या गृहस्थास काही रक्कम देऊन गप्प केले. तडजोडीचा कागद माझ्याच हातचा होता. त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या. पण बैलाचा अंगठा कोण उठवणार? त्याच्या वतीने बोलू शकणारा वकील तेथे बसला होता, आणि तोच कागद लिहीत होता! त्या रात्री अब्रू वाचली असे आम्हांस वाटले. पुढच्याच वर्षी आमच्या ज्ञातीच्या गाड्याकडे लोक संशयाने पाहू लागले, प्रामाणिक गाडीवानांकडेसुद्धा. एकाचे पाप झाकले आणि त्याचा डाग सर्वांस लागला.

म्हणून माझे मत असे आहे की, ढाल अवश्य द्यावी, परंतु तीन अटींवर. नोंदणीच्या वेळी प्रत्येक बैलाचे छायाचित्र व खुणा लिहून घ्याव्यात. पंच परगावचे असावेत आणि त्यांचा मेहनताना सभेत जाहीर व्हावा. आणि लबाडी उघडकीस आली, तर ती करणारा आपला असो वा परका, मंडळाने स्वतः पोलिसांत वर्दी द्यावी. तडजोडीची बैठक बोलावू नये. तिसरी अट मान्य नसेल, तर पहिल्या दोन निरर्थक आहेत, आणि ढाल न दिलेली बरी.

बैल वर्षभर आपल्या शेतात राबतो आणि पोळ्याला आपण त्याच्या पाया पडतो. ज्याच्या पाया पडायचे, त्याच्याविरुद्ध केलेला गुन्हा आपला माणूस म्हणून झाकायचा, हे ज्ञातीच्या शीलास शोभत नाही.