टीव्हीवर बोललात, पण ते जपून कोण ठेवणार?

(नेदरलँड्समधल्या मराठी कामगारांच्या रविवारच्या बैठकीत केलेलं हे भाषण. त्या दिवशी ज्यांची शिफ्ट होती, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज पगाराबद्दल नाही, टीव्हीबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटी गाडी पगारावरच येणार आहे.

आपल्यातला एक भाऊ ग्रीनहाऊसमध्ये कामाला होता. नाव सांगत नाही. राहायला एजन्सीचीच खोली. एक दिवस बातमीवाले आले, आणि हा कॅमेऱ्यासमोर धीटपणे बोलला की बेडचे पैसे पगारातून कापतात, पण हिशेब देत नाहीत. एजन्सीचा माणूसही त्याच बातमीत म्हणाला, पुढच्या महिन्यापासून हिशेब देऊ. खोलीतल्या पोरांनी टीव्हीच्या बॉक्सवर ते रेकॉर्ड केलं आणि सगळे निवांत झाले.

तीन महिने गेले, हिशेब काही आला नाही. हा विचारायला गेला तर उत्तर मिळालं, "असं कोण म्हणालं?" तोवर याचं काम सुटलं होतं. कामाबरोबर बेड गेला आणि बेडबरोबर बॉक्स. सबस्क्रिप्शन दुसऱ्याच्या नावावर होतं, ते बंद झालं आणि रेकॉर्डिंगही गेलं. बातमी कुठल्या तारखेची होती, हेही कुणाला धड आठवेना.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. आपल्याबद्दल टीव्हीवर जे येतं, ते आपल्या हातात राहील आणि दोन वर्षांनीही सापडेल, अशाच पद्धतीने ठेवा.

जपलेल्या कागदाची किंमत मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. तेव्हा काय मागितलं? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामावर होतात, याचा पुरावा. ज्यांनी ट्रंकेत तिकीट नंबरचा कागद, ईएसआयचं कार्ड जपलं होतं, त्यांना तो दाखवता आला. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, ते उंबरे झिजवत राहिले. कागद कधी लागेल, हे तो जपताना कळत नसतं.

आता इथे टीव्ही रेकॉर्ड करायचे मार्ग कोणते, ते बघू.

पहिला, मोबाईलने टीव्हीचा पडदा शूट करणं. चित्र हलतं, आवाज खराब येतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. घाईच्या वेळी हेच करा. सुरुवातीला वाहिनीचं चिन्ह आणि घड्याळ दिसू द्या.

दुसरा, केबल किंवा इंटरनेट कंपनीचा बॉक्स. बटण दाबलं की झालं. पण रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं, नाहीतर त्याच बॉक्समध्ये अडकलेलं. आपली खोली कामाला बांधलेली, त्यामुळे आपल्यासाठी हा मार्ग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कच्चा.

तिसरा, वाहिनीच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर नंतर बघणं. बघायला उत्तम, पण कार्यक्रम तिथे कायम राहील याची हमी नाही. त्यावर विसंबू नका.

चौथा, स्वतःची सोय. इथे एनपीओ १, २, ३ आणि त्या भागाची प्रादेशिक वाहिनी अँटेनावर फुकट दिसते. लॅपटॉपला लावायचा यूएसबी ट्यूनर मिळतो. घेताना दोन शब्द लक्षात ठेवा, डीव्हीबी-टी२ आणि एचईव्हीसी. ट्यूनरला पहिलं जमलं पाहिजे, लॅपटॉपला दुसरं. जुना ट्यूनर स्वस्त मिळतो पण इथे चालत नाही. टीव्हीहेडएंड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात वेळ लावून ठेवली की आपण शिफ्टवर असलो तरी रेकॉर्डिंग होतं. एका घरात चारजणांनी वर्गणी काढली तर परवडतं.

जागा किती लागेल? चार मेगाबिटचं चित्र धरलं तर तासाला १.८ जीबी. रोज अर्धा तास बातम्या ठेवल्या तर वर्षाला साधारण ३३० जीबी. म्हणजे एक टीबीची डिस्क तीन वर्षं पुरते. आपल्याला सगळं ठेवायचंच नाही. कामाचं ठेवा, बाकीचं पुसा.

फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशी ठेवा. आइंडहोवनच्या फिलिप्सने १९७२ मध्ये घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आणला. १९७९ मध्ये व्हिडिओ २००० आणला, त्याची कॅसेट दोन्ही बाजूंनी चालायची. मशीन चांगलं होतं, पण बाजार व्हीएचएसने मारला. आज ती जुनी कॅसेट हातात असली तरी लावणार कशात? तसंच एका कंपनीच्या ॲपमध्येच उघडणारी फाईल ही उद्याची तशीच कॅसेट समजा. आणि प्रती दोन हव्यात. एक आपल्याजवळ, दुसरी वेगळ्या पत्त्यावर राहणाऱ्या विश्वासातल्या माणसाकडे.

आता शोधायचं कसं? इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वाहिनी आणि विषय लिहा, म्हणजे फाईली आपोआप तारखेने लागतात. शिवाय एक वही करा. तारीख, वाहिनी, कार्यक्रम, कितव्या मिनिटाला कोण काय म्हणालं, हे आपल्या मराठीत लिहा. डिस्क बिघडली तरी वही राहते.

डच बातम्यांना सबटायटल्स असतात, टेलिटेक्स्टच्या ८८८ पानावर. रेकॉर्डिंगमध्ये ती येतात का, हे आधी एका कार्यक्रमावर तपासा. आली तर सीसीएक्सट्रॅक्टर हे फुकट सॉफ्टवेअर त्यांची वेळेसकट मजकूर-फाईल करून देतं. मग "किमान वेतन" किंवा "एजन्सी" यांचे डच शब्द टाकायचे, की नेमकं मिनिट समोर. स्पेलिंग येत नसेल तर आपल्या पगाराच्या स्लिपवर आणि करारावर ते छापलेलंच असतं, तिथून उतरवा. समजा, २०२४ च्या जानेवारीत इथे तासाचं किमान वेतन १३.२७ युरो झालं, ती बातमी हवी आहे. तुमच्याकडे महिना आणि एक शब्द असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

आणि काहीच ठेवलं नसेल तर? हिल्व्हरसमला बेल्ड एन खेलाउट ही संस्था आहे. सार्वजनिक वाहिन्यांचे कार्यक्रम तिथे जपले जातात. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो, कुठला कार्यक्रम, कुठली तारीख? म्हणून पुन्हा सांगतो, वही लिहा.

कायद्याचं दोन वाक्यांत. इथे स्वतःच्या वापरासाठी घरी रेकॉर्ड करायला परवानगी आहे, पण ते फेसबुकवर, यूट्यूबवर किंवा मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. केसमध्ये वापरायचं असेल तर आधी वकिलाला किंवा युनियनला विचारा. आणखी एक. बातमीत इतर कामगारांचे चेहरे असतात. त्यांना न विचारता ती फिरवलीत तर त्यांचंही काम जाऊ शकतं.

शेवटी खरं ते बोलतो. टीव्हीची बातमी म्हणजे पगाराची स्लिप नव्हे. करार, स्लिप आणि रोजच्या तासांची नोंद हाच पहिला पुरावा. बातमी त्याच्या मागे उभी राहते, त्याच्या जागी नाही. पण "असं कोण म्हणालं?" हा प्रश्न आला, की तारीख, वेळ आणि आवाज समोर ठेवता आला पाहिजे.

आज घरी जाऊन फक्त एक करा. एक वही घ्या आणि आपल्याबद्दलची जी शेवटची बातमी आठवते, तिची तारीख तिच्यात लिहा. आठवत नसेल तर शेजारच्या बेडवाल्याला विचारा. ट्यूनर पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल.