विलायतेत वैद्यकी करावयाची झाल्यास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



चिटणिसांनी आम्हांस हा विषय सुचविला तो उगाच नव्हे. ज्ञातीतील मुलेमुली आता एम.बी.बी.एस. होऊ लागली आहेत, आणि पदवीदानाची तसबीर भिंतीवर लागते न लागते तोच घरात विलायतेची गोष्ट निघते. मग कोणी शेत गहाण टाकतो, कोणी दागिने मोडतो. पैसा हातचा जाण्यापूर्वी वाट ठाऊक असावी, एवढ्यासाठी हे चार शब्द.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पदवी ही विद्येची साक्ष आहे. रोग्यावर उपचार करण्याची परवानगी नव्हे. ती ज्या त्या देशाची परिषद नोंदणी करून देते. ब्रिटनमध्ये हे काम 1858 च्या कायद्याने स्थापन झालेली जनरल मेडिकल कौन्सिल करते. मुंबईची पदवी दाखविताच तेथे नाव नोंदले जाई, असे जुने डॉक्टर सांगत. ते खोटे नव्हते. पण ती मान्यता अढळही नव्हती. 1930 साली प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणाचे कारण दाखवून कौन्सिलने हिंदी पदव्यांची मान्यता काढली. त्याचा येथे मोठा संताप झाला. 1933 साली आपल्याकडे वैद्यक परिषदेचा कायदा झाला आणि 1936 मध्ये मान्यता पुन्हा मिळू लागली. 1975 साली ती गेली ती आजतागायत परत आलेली नाही. तेव्हापासून परीक्षा आली; तिलाच पुढे 'प्लॅब' हे नाव पडले. यात अपमान मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. परदेशी शिकून आलेल्या आपल्याच मुलांना आपला देशही 2002 पासून चाळणी परीक्षेस बसवितो आणि 300 पैकी 150 गुण मागतो.

वाट अशी आहे. आधी इंग्रजीची परीक्षा. 'आयेल्ट्स' दिल्यास एकंदर 7.5 आणि प्रत्येक अंगात किमान 7 गुण लागतात. नंतर प्लॅबचा पहिला भाग : तीन तासांत 180 प्रश्न, हा भारतात देता येतो. दुसरा भाग मात्र मँचेस्टरला जाऊनच द्यावा लागतो. बारा महिन्यांची इंटर्नशिप पुरी झालेली असावी लागते, पदवीची पडताळणी मूळ विद्यापीठाकडून होते, आणि येथील परिषदेचा सद्वर्तनाचा दाखलाही जोडावा लागतो. एम.आर.सी.पी. सारखी मान्य पदव्युत्तर पात्रता असल्यास प्लॅब टळते. हे सर्व अर्ज उमेदवाराने स्वतः करावयाचे असतात. मध्यस्थाच्या हाती लाखो रुपये देण्याचे काहीच प्रयोजन नाही.

दुसऱ्या भागाविषयी थोडे विस्ताराने बोलू. तेथे सोळा प्रसंग उभे केलेले असतात, प्रत्येकास आठ मिनिटे. रोगी म्हणून बहुधा नटच समोर बसतो. आपली हुशार मुले येथे अडखळतात ती ज्ञान कमी म्हणून नव्हे. आपल्याकडे दुर्धर रोगाचे निदान झाले की डॉक्टर थोरल्या मुलाला बाजूस घेऊन सांगतो आणि आजीला 'काही नाही, बऱ्या व्हाल' एवढेच कळते. त्यामागे माया असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथे रोग रोग्याचा, म्हणून बातमीही प्रथम त्याचीच. त्याच्या संमतीवाचून मुलालासुद्धा सांगता येत नाही. आधी त्याला किती ठाऊक आहे ते विचारावयाचे, मग बेताने सांगावयाचे, मध्ये थांबावयाचे, त्याला रडू आले तर रडू द्यावयाचे. आठ मिनिटांत हे साधणे पाठांतराने होत नाही. मराठीतच घरी एकमेकांपुढे सराव करावा, असे आम्ही सुचवितो. मन वळले की इंग्रजी शब्द मागून येतात.

आता कटू भाग. नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. प्लॅब उत्तीर्ण होऊन महिनोन् महिने जागेची वाट पाहणारे डॉक्टर अलीकडच्या वर्षांत तेथे पुष्कळ आहेत. 'क्लिनिकल अटॅचमेंट' नावाचा अनुभव बिनपगारी असतो. त्या काळातील घरभाडे येथूनच पाठवावे लागते. कर्जाचा हप्ता परीक्षेच्या निकालापासून सुरू होईल अशा हिशेबाने कोणी कर्ज काढू नये. जागा मिळाल्यावरही आरंभी कौन्सिलने मान्य केलेल्या व्यवस्थेतच काम करावे लागते. स्वतंत्र दवाखान्याची पाटी लगेच लागत नाही.

शेवटी एक क्षुल्लक वाटणारी बाब, विशेषतः मुलींच्या वडिलांसाठी. पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टावर क्रम निराळा. आणि लग्नानंतर तर आडनावच बदललेले. कागदोकागदी नाव जुळले नाही की पडताळणी अडते आणि प्रतिज्ञापत्रांचे हेलपाटे सुरू होतात. घरी गेल्यावर आजच सारे कागद एकत्र काढून नावे ताडून पाहावीत, आणि तफावत असल्यास पहिला अर्ज धाडण्यापूर्वीच ती दुरुस्त करून घ्यावी.