पगारापलीकडचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाचा कांदा-लसूण मसाला सांगलीच्या पेठेतून आता साताऱ्यापर्यंत जाऊ लागला आहे. आळीपाळीने येऊन काम उरकेनासे झाले, म्हणून दोन बाया पगारी ठेवाव्यात असे कार्यकारिणीत निघाले. तेव्हा एक सूर असा उमटला की, पगार परवडतो आहे, मग विचार कसला करायचा? आजचे माझे बोलणे एवढ्या एका प्रश्नापुरते आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घरखर्चाची वही लिहायची सवय आहे, आणि हा हिशेब मांडायला तेवढे पुरते.

समजा, एखाद्या कारखान्यात एका बाईचा पगार महिना १५,००० रुपये ठरला. कारखान्यात वीसावर माणसे आहेत आणि सगळे कायदे पाळले जातात असे धरू. आता मालकाच्या वहीत काय काय चढते ते पाहा. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचे बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये. त्यावर विमा आणि कचेरीखर्च मिळून आणखी एक टक्का, १५० रुपये. कामगार राज्य विम्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे पूर्ण पगारावर धरला तर वर्षाकाठी एक पगार. तो बारा महिन्यांत वाटला तर महिना १,२५०. ग्रॅच्युइटी नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तिच्यासाठी दरमहा ७२१ रुपये बाजूला पडायला हवेत. आणि वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा. वर्षात पंधरा दिवस धरले तर बदली माणसासाठी आणखी ७२१. या सगळ्याची बेरीज ५,१३० होते. म्हणजे पंधरा हजारांची बाई मालकाला २०,१३० रुपयांना पडते.

आता तिच्या हातात काय येते? तिच्याही पगारातून निधीचे १,८०० आणि राज्य विम्याचे ११३ रुपये कापले जातात. हाती येतात १३,०८७. मालक म्हणतो, मी वीस हजार मोजतो. बाई म्हणते, मला तेरा हजार मिळतात. दोघांचेही खरे असते, आणि तरी दोघांत भांडण असते. मधले सात हजार गेले कुठे, हे कोणी तिला बसवून समजावून सांगत नाही. ते तिच्या म्हातारपणाला, आजारपणाला, दिवाळीला आणि रजेला गेलेले असतात. पगाराची चिठ्ठी वाचून दाखवण्याला पैसा पडत नाही. तेवढे केले तरी निम्मा संशय जातो.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. लेकुरवाळी होणारी बाई ठेवली की सहा महिने फुकट पगार द्यावा लागतो, अशी मालकांची भीती असते. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, हे खरे. परंतु जिथे राज्य विमा भरला जातो, तिथे त्या रजेचे पैसे विमा महामंडळ देते. मालकाला बदली माणूस तेवढा पाहावा लागतो. वर्गणी भरायची आणि वर बाईलाही नाकारायचे, हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

वहीत न दिसणारा खर्च वेगळाच. नवी बाई मसाला भाजायला शिकेपर्यंत दोन-चार घाणे करपणार, आणि शिकवणाऱ्या बाईचे हात तेवढे दिवस अडकणार. हात बसला आणि ती सोडून गेली, की पुन्हा पहिल्यापासून. दर सहा महिन्यांनी बाई बदलणाऱ्याला स्वस्तातली बाई महाग पडते.

यावर तुम्ही म्हणाल, आपल्याला हे कायदे कुठे लागतात? बरोबर आहे. राज्य विमा दहा माणसांपासून आणि भविष्यनिर्वाह निधी वीस माणसांपासून लागतो. आपण ठेवणार दोघींना. किमान वेतन मात्र एका माणसालाही द्यावेच लागते. पण कायदा लागू नाही म्हणून त्या दोघींना ताप यायचा राहणार नाही, की त्या म्हाताऱ्या व्हायच्या राहणार नाहीत. तो खर्च होणारच. तो कोणाच्या पदरात टाकायचा, एवढेच आपल्या हातात आहे.

आपल्याच मुलखात हा खर्च दोन्ही रीतींनी झालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलरोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. ही १९१० सालची गोष्ट. जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला उजाड माळ. तिथे नुसती भट्टी बांधून नांगर तयार झाले नसते. कामगार तिथे राहायचा, तर त्याच्या घरच्यांना छप्पर हवे, पाणी हवे, मुलांना शाळा हवी, दुखल्याखुपल्याला औषध हवे. कारखान्याबरोबर वसाहतही उभी करावी लागली, आणि तो खर्च धंद्याचाच खर्च म्हणून झाला. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली, आणि कारखान्यातून आजही पंप बाहेर पडतात.

दुसरी रीत आपल्या उसाच्या फडात दिसते. कृष्णाकाठचा ऊस तोडायला बीडकडची जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. दोन माणसांचे काम, पण बाईचे वेगळे नावही हिशेबात नसते. रजा नाही, आजारपण धरलेले नाही. बीड जिल्ह्यातल्या अशा बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची गोष्ट २०१९ साली उजेडात आली, आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अडचणीच्या दिवसांत खाडा पडू नये, म्हणून कित्येक बायांनी पिशवी काढून टाकली होती. भरपगारी रजेचा जो खर्च कोणी वहीत धरला नाही, तो त्यांनी आपल्या शरीरातून फेडला. साखर खाताना हे आठवले की घास कडू होतो.

आणि फडापर्यंत कशाला जायचे? आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई चार दिवस आजारी पडली, तर खाड्याचे पैसे आपणही कापतो. आपल्या घरातला कर्ता माणूस तापाने पडला आणि त्याचा पगार कापून आला, तर आपण काय म्हणू?

म्हणून माझी सूचना अशी. दोन्ही बायांचा पगार ठरवताना त्यावरचे ५,१३० रुपयेही दरमहा धरावेत. दोघींचे मिळून १०,२६० होतात. महिन्याला पाचशे किलो मसाला निघाला, तर किलोमागे साडेवीस रुपये पडतात. मसाल्याचा भाव किलोला एकवीस रुपयांनी वाढवावा, आणि गिऱ्हाइकाला कारण विचारल्यावर सांगावे. त्या पैशांतून वर्षाला पंधरा दिवस भरपगारी रजा आणि दिवाळीला एक पगार द्यावा. उरलेली रक्कम दोघींच्या नावे बँकेत निराळी ठेवावी. वयात बसत असतील तर वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा मंडळाने भरावा. आणि कामाला लावण्याच्या दिवशीच पगार किती, रजा किती, बाजूला काय पडते, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्यावे.

भाव वाढल्याने चार गिऱ्हाइके कमी झाली, तर आपण एकच बाई ठेवू. पण एकीचा पूर्ण खर्च पेलवत नसताना दोघींना कामाला लावणे हे मंडळाला शोभणारे नाही. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत याचा विचार करावा, अशी विनंती करते आणि माझे दोन शब्द पुरे करते.