ज्ञानाचा मार्ग

नंदिनी नगरच्या खाणींतील चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्यास पुरविली जाते. मार्गच नसता, तर ती भूमीतच पडून राहिली असती. ज्ञानाचेही तसेच आहे.

१९८६ साली भारतात ‘एर्नेट’ योजना सुरू झाली. पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिकी विभाग तीत सहभागी झाले. प्रारंभी टेलिफोनच्या तारांवरून केवळ संगणकीय टपाल जात असे. साधने तुटपुंजी होती. बळ होते ते सहकार्याचे.

पूर्व आफ्रिकेचा अनुभव निराळा नाही. तेथील विद्यापीठे दीर्घकाळ महागड्या उपग्रह-जोडणीवर विसंबून होती. केनियात १९९९ मध्ये ‘केनेट’ ही विद्यापीठांची सामाईक संस्था स्थापन झाली. २००९ मध्ये ‘सीकॉम’ ही मुंबईशीही जोडलेली सागरी केबल आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यास लागली. तथापि किनाऱ्यापासून संशोधकाच्या मेजापर्यंतची वाट, अखंड वीज आणि दुरुस्तीचा जाणकार यांवाचून अशी केबल व्यर्थच ठरते.

भारताने २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञानजालास मंजुरी दिली. अशा जाळ्याची खरी कसोटी खाणवस्तीजवळच्या लहानशा महाविद्यालयात लागते. तेथील अध्यापकाला नवा शोधनिबंध वेळेवर वाचावयास मिळाला, तरच ते सार्थ होय.