छायाचित्रातील खोटा ठिपका

मलकपेठेजवळील आसमानगढच्या टेकडीवर निजामाच्या सेवेतील फ्रेंच सेनानी रेमंड (मृत्यू १७९८) यांची समाधी आहे. मूसारामबाग हे नाव त्यांच्यावरूनच पडले. तेथील काळ्या पाषाणस्तंभाचे सायंकाळी, कॅमेऱ्याचा पडदा काही सेकंद उघडा ठेवून छायाचित्र घेतले, तर त्यावर लाल-पांढरे ठिपके उमटू शकतात. दोष दगडाचा नव्हे. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकातील काही बिंदू उष्णतेने उगाच उजळतात; मृत बिंदू मात्र काळाच राहतो. भिंगावर झाकण ठेवून तितकाच वेळ दुसरे चित्र घ्यावे. ठिपका त्याच जागी दिसल्यास तो संवेदकाचा. काही कॅमेऱ्यांतील सोय तेथे शेजारच्या बिंदूंवरून रंग भरते. फारसी शिलालेखात एका नुक्त्याने अक्षर बदलते. तेथे मूळ चित्र जपूनच ही दुरुस्ती करावी.